भाऊजी, गाळून वाचू नका

जळगाव
२१ नोव्हेंबर १९९१

तीर्थरूप आईंना,
प्रमिलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

जीवरामभाऊजी, हे पत्र आईंना तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधी तुम्हाला हात जोडते. लिहिलंय ते सगळं वाचा. मागच्या पत्रात मी काय लिहिलं होतं आणि आईंच्या कानावर त्यातलं काय पडलं, ते मला शेजारच्या झुंबरबाईंकडून कळलं. गाळून वाचू नका.

आई, यांना धुळ्याच्या सिव्हिलमधून सोडलं. पण मी त्यांना गावी आणलेलं नाही, जळगावला आणलंय. तुम्ही ओट्यावर बसून चोपड्याच्या गाडीची वाट बघत असाल, आंघोळीचं पाणी तापत ठेवलं असेल, हे मला दिसतं. तरी नाही आणलं.

इथे पिंप्राळ्याच्या रस्त्याला एक घर आहे. दवाखाना नाही आणि आश्रमही नाही. पत्र्याचं साधं घर, मागे मोरी आणि एक कडुनिंब. दारू सोडलेली दहाएक माणसं तिथे एकत्र राहतात. सकाळी जो तो आपापल्या कामाला जातो. संध्याकाळी परत येतात, पाळीपाळीने स्वयंपाक करतात आणि जेवायच्या आधी सतरंजीवर बसून आपलं खरं काय ते एकमेकांना सांगतात. रतिलालभाऊ म्हणून एक गृहस्थ ते घर चालवतात. ते कापडाच्या पेढीवर मुनीम होते. दारूत त्यांचं सगळं गेलं होतं. आता किती वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही. त्या घराचा एकच मोठा नियम. जो पिईल त्याने त्याच दिवशी घर सोडायचं.

तुम्ही म्हणाल, स्वतःचं घर असताना हे कशाला? आई, हे आतापर्यंत तीनदा दवाखान्यातून सुटून घरी आले. पहिल्या वेळी पोळ्यापर्यंत टिकले. दुसऱ्या वेळी वडिलांच्या, नानांच्या, दहाव्यापर्यंत. तिसऱ्या वेळी चोपड्याच्या स्टँडवर उतरले ते थेट घरी आलेच नाहीत. दवाखान्यात दारू अंगातून जाते. पण गल्ली तीच राहते, दोस्त तेच राहतात, आणि संध्याकाळ तर रोजच होते.

अजून एक लिहिते, रागावू नका. सकाळी यांचे हात थरथरायला लागायचे, कपबशी धरता यायची नाही. तुमच्याच्याने ते बघवायचं नाही. तुम्ही फडताळामागून पेला काढून द्यायच्या. "औषध समजीसन पी ले बेटा." मी मोरीत भांडी घासत ऐकायची. तुमची माया खोटी नव्हती. मलाही तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.

वायरमनची नोकरी अजून आहे. साहेब म्हणाले, बरा होऊन ये, पण असा खांबावर चढू देणार नाही. मी आणि तुमची नात वैजू स्टेशनमागे एका खोलीत राहतो. मला डाळमिलमध्ये निवडायचं काम मिळालंय.

आत्ताच भेटायला येऊ नका. थोडे दिवस जाऊ द्या. सुरुवातीला घरचं माणूस दिसलं की जीव परत घराकडे धावतो, असं रतिलालभाऊ म्हणतात.

तुमची सून,
प्रमिला


जळगाव
१९ जानेवारी १९९२

तीर्थरूप आईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही आणि भाऊजी संक्रांतीला अचानक आलात. तीळगूळ आणलात. मी तुम्हाला नीट निरोपही देऊ शकले नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही आलात तेव्हा हे मागच्या मोरीत बसून भांडी घासत होते. तुम्ही उंबऱ्यातच बसलात. "मना आंडोर दुसरास्ना भांडा घासस!" असं लेकाकडे बघत म्हणालात आणि पदर तोंडाला लावलात. आई, त्या दिवशी त्यांची पाळी होती. आदल्या दिवशी उखर्डूभाऊंची होती, दुसऱ्या दिवशी स्वतः रतिलालभाऊंची. उखर्डूभाऊ म्हणजे ते उंच, खाकी शर्टातले, ज्यांनी तुम्हाला पाणी दिलं. एसटीचे ड्रायव्हर होते. आता डेपोत साफसफाई करतात आणि स्वतःचं नाव ताठ मानेने सांगतात.

तुम्ही गेल्यावर हे जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. उखर्डूभाऊंनी ताट झाकून ठेवलं आणि ते नुसते जवळ बसून राहिले. दुसऱ्या सकाळी हे उठले, न्हाले आणि कामाला लागले. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. इथे एक माणूस दुसऱ्याजवळ कसा बसतो ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

चांगलंही लिहिते. यांनी त्या घरातली सगळी वायरिंग नवी केली. स्विचबोर्ड सरळ बसवला, मोरीत दिवा लावला. रविवारी वैजू त्यांच्याकडे जाते, त्यांच्या पाठीवर बसून पाढे म्हणते. मागच्या रविवारी माझ्या हातात फाटका परकर होता, सुईत दोरा जाईना. यांनी सुई घेतली आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवून दिला. मी बघतच राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा मला त्यांचा हात स्थिर दिसला.

रविवारी आम्हा बायकांचीही बैठक असते. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा. मी अजून तिथे तोंड उघडलेलं नाही, नुसती ऐकते.

बाकी सगळं ठीक. वैजूला शाळेत कुणी काही बोलत नाही. आजूबाजूचे लोकही चांगले आहेत.

भाऊजी, तुमचं कार्ड मिळालं. "भावाला बेवड्यांच्या घरात ठेवलं, आमची इज्जत घालवली," असं तुम्ही लिहिलंत. त्याला मी काही उत्तर देत नाही. एकदा या, एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसा.

प्रमिला


जळगाव
२२ एप्रिल १९९२

तीर्थरूप आईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा निरोप मिळाला. नाना गेल्यानंतरची पहिली आखाजी. नानांच्या नावाची घागर मोठ्या मुलाने भरायची. मला कळतं आई, मी काही परक्या घरची नाही.

तरी पाया पडून सांगते, यांना गावी बोलवू नका.

घागर इथे भरता येईल. रतिलालभाऊ म्हणाले, अक्षय्य तृतीयेला आपल्या घरात भरू, सगळे मिळून नानांना पाणी देऊ. तुम्ही आणि भाऊजी इथे या. मी सांजोऱ्या करते, रस करते, डांगर आणते. किंवा दुसरं असं, की हे सकाळच्या गाडीने उखर्डूभाऊंबरोबर येतील, घागर भरतील आणि जेवून संध्याकाळच्या आत परत फिरतील. उखर्डूभाऊ पूर्ण वेळ बरोबर राहतील. दोन्हीतलं काहीही चालेल, पण मुक्काम नको.

आखाजीला आपल्या गावात काय चालतं ते मी सांगायला नको. पोरी झोक्यावर गाणी म्हणतात आणि पुरुष केळीच्या बागेतल्या खोलीवर पत्ते कुटतात. पत्ते आले की बाटली येते. भाऊजी, हे वाक्य गाळू नका.

मी यांना अडवून पाहिलं. ते म्हणाले, "माझा बाप आहे प्रमिला. त्याला पाणी कोण देणार?" मी रतिलालभाऊंकडे गेले, म्हटलं तुम्ही तरी जाऊ देऊ नका. ते म्हणाले, "बेन, ही जेल नाही. दाराला बाहेरून कडी लावून कुणी सुधारत नाही. सोबत माणूस देतो, एवढंच माझ्या हातात आहे."

आई, ती सोबत तेवढी राहू द्या. उखर्डूभाऊंना घरात घ्या. ते ओट्यावर बसतील, कुणाला त्रास देणार नाहीत. त्यांचं ताट वेगळं मांडलंत तरी चालेल.

मी वैजूला घेऊन धरणगावला माझ्या भावाकडे जातेय. आखाजीला माहेरी बोलावणं आलंय, आणि मलाही ओढ आहे. चार वर्षांत गेलेली नाही.

तुमच्या नातवंडाची शपथ घालते, आणखी काय घालू?

प्रमिला


जळगाव
९ मे १९९२

आईंना नमस्कार. भाऊजींना नमस्कार.

हे पत्र उखर्डूभाऊंच्या हाती देतेय. ते वाचून होईपर्यंत थांबतील. भाऊजी, त्यांना हाकलू नका. त्यांच्यासमोर वाचा.

हे अजून आलेले नाहीत.

तुम्ही झुंबरबाईंच्या मुलाकडून निरोप पाठवलात की हे बुधवारी सकाळीच जळगावच्या गाडीत बसले. मग गाडी कुठे गेली? पिंप्राळ्याच्या घरात ते पोचले नाहीत, माझ्या खोलीवर आले नाहीत, वीज बोर्डाच्या हापिसात कुणी त्यांना पाहिलेलं नाही. मी स्टँडवर बसून प्रत्येक चोपडा गाडी बघितली. उतरणारा प्रत्येक पांढरा शर्ट मला त्यांचाच वाटायचा. एका माणसाच्या मागे मी नेहरू चौकापर्यंत गेले.

भाऊजी, मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. पण खरं सांगा. ते प्याले का? किती प्याले? कुणाबरोबर? गाडीत बसले तेव्हा शुद्धीवर होते का, खिशात काही होतं का, काय बोलले?

उखर्डूभाऊंनी मला सगळं सांगितलं. ते आखाजीला सकाळी यांच्याबरोबर आपल्या ओट्यापर्यंत आले. तुम्ही त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणालात, "भाऊ, तुम्ही पोचाडी दिधं, आते जा. सणना दिन शे, घरमा पाव्हणा शेतस." हे म्हणाले, थांबू दे ना त्यांना. तुम्ही म्हणालात, तुला आता आपल्या घरात पहारेकरी लागतो का? मग हेच उखर्डूभाऊंना म्हणाले, तुम्ही जा, मी संध्याकाळी येतो. पाव्हण्यांसमोर त्यांना लाज वाटली. उखर्डूभाऊ ऊन डोक्यावर घेऊन पायी फाट्यापर्यंत गेले, आणि तिथे शेवटच्या गाडीपर्यंत बसून राहिले, की हे येतील आणि बरोबर जाता येईल.

मी धरणगावला झोक्याजवळ उभी होते. माझी भावजय मला मेंदी लावत होती.

पिंप्राळ्याच्या घरातली सगळी माणसं शोधायला निघाली आहेत. दोघं अमळनेरला, दोघं भुसावळला, एक जण तापीच्या पुलाकडे. पुलाकडे का, ते मी विचारलं नाही. उखर्डूभाऊंनी प्रत्येक कंडक्टरला सांगून ठेवलंय. उंच, सावळा, डाव्या हातावर भाजल्याचा डाग, असा माणूस कुठल्याही स्टँडवर दिसला तर जळगाव डेपोत निरोप द्या.

मागे मी लिहिलं होतं की वैजूला शाळेत कुणी काही म्हणत नाही. म्हणतात. "बेवड्याच्या घरची" म्हणतात. आणि पिंप्राळ्याच्या शेजाऱ्यांनी दोनदा दारावर दगड मारले. तुम्ही यांना लगेच घेऊन जाल म्हणून मी ते लिहिलं नव्हतं. आता काही लपवत नाही. तुम्हीही लपवू नका.

प्रमिला


धुळे, सिव्हिल हॉस्पिटल
१६ मे १९९२

तीर्थरूप आई,

सापडले. धुळ्याच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागे पडलेले होते. दोंडाईचा गाडीच्या कंडक्टरने डाग ओळखला. त्याने आणि हमालांनी उचलून सिव्हिलला आणलं, म्हणून जिवंत सापडले.

आई, तुम्ही ताबडतोब या. पत्र मिळेल त्या क्षणी निघा. रक्ताची उलटी झाली, पुन्हा झाली. पोट फुगलंय. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, पण सकाळी त्यांनी यांची पापणी खाली ओढून मला आतला पिवळा रंग दाखवला. तेव्हा मला नानांचे डोळे दिसले. नाना काविळीने गेले असं आपण सगळ्या गावाला सांगितलं. दिवसवारालासुद्धा सांगितलं. तुम्हाला, मला, भाऊजींना ठाऊक होतं ती कशाची कावीळ होती ते. आपण तो शब्द कधी घरात उच्चारला नाही, आणि यांना वाटलं, बापाला दारू लागायची तरी काही बिघडलं नाही.

शुद्ध असते तेव्हा हे बोलतात. थोडं थोडं मला कळलं. घागर भरली, वर डांगर ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. मग भाऊजी, तुम्ही नानांच्या फोटोसमोर भरलेला ग्लास ठेवलात. नानांना आवडायचं म्हणून. पूजा झाली. सगळ्यांना प्रसाद वाटला. तो ग्लास तुम्ही भावापुढे धरलात. म्हणालात, बापाचा प्रसाद आहे, याला तू नाही म्हणणार?

मग बागेतल्या खोलीवर गेलात, दोघं.

त्यांनी तुमच्यावर ठपका ठेवला नाही. म्हणाले, "जीवराम लहान आहे, त्याला काय कळतं." ठपका मी ठेवते. पण तो आता बाजूला राहू द्या.

मला सगळ्यात जास्त जाळतं ते वेगळंच. बुधवारी सकाळी ते जळगावच्या गाडीत खरंच बसले होते. जळगावला उतरले होते. पिंप्राळ्याच्या रस्त्याला लागले आणि घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले. आत उखर्डूभाऊ अंगण झाडत होते, ते त्यांना दिसले. आणि तिथून मागे फिरले. मी विचारलं, का? म्हणाले, "पिऊन आलो होतो. रतिलालभाऊंना तोंड कसं दाखवू? नियम आहे."

रतिलालभाऊ इथे येऊन खाटेजवळ बसले होते. ते ऐकून त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "अरे हिलाल, घर सोडायचं म्हणजे रस्त्यावर जायचं असं कुणी सांगितलं? मी स्वतः तुला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं असतं, आणि इथून सुटल्यावर परत नेलं असतं. मलाच दोनदा असं नेलंय रे." यांनी नुसती मान हलवली. त्यांना हे माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगतात. पण माहीत असणं आणि त्या कोपऱ्यावरून दारापर्यंत चालत जाणं, यात काय असतं ते मला कळत नाही.

घरातली माणसं पाळीपाळीने जळगावहून येतात. कुणी मोसंबीचा रस आणतं, कुणी चादरी धुतं. मला झोपायला लावतात आणि स्वतः जागे बसतात. नर्सने विचारलं, हे सगळे तुमचे कोण? मी म्हटलं, दीर.

आई, हे तुम्हाला हाक मारतात. "माय" म्हणतात. मला नाही, तुम्हाला. या.

प्रमिला


जळगाव
२८ जून १९९२

तीर्थरूप आईंना,
नमस्कार.

तेराव्यानंतर मी न सांगता निघून आले. आज भाऊजींचं पत्र मिळालं, की विधवा बाईने शहरात एकटं राहणं बरं दिसत नाही, वैजूला घेऊन गावी ये. तुमचाही तोच निरोप आहे असं त्यात लिहिलंय.

मी येणार नाही.

तुम्ही सिव्हिलमध्ये वेळेवर पोचलात. त्यांचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. माझ्या मनाला तेवढं एक समाधान आहे, आणि तुमच्याही असेल. पण त्यानंतर व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, तुम्ही मला म्हणालात, "तू मना आंडोर मारी टाका." त्या बेवड्यांच्या घरात ठेवून मारलास, म्हणालात. आजही भांडायला बसलेली नाही. पण त्या घरात ते सहा महिने जिवंत होते आई. जेवत होते, हसत होते, लेकीचे पाढे घेत होते. आपल्या घरात एक दिवस राहिले.

एवढं लिहून मला वाटलं होतं की बरं वाटेल. नाही वाटलं.

गावी नेलं त्या दिवशी पिंप्राळ्याच्या घरातली सगळी माणसं टेम्पोने आली होती. भाऊजींनी त्यांना खांदा देऊ दिला नाही. ती नदीकाठी, बाभळींच्या पलीकडे, उन्हात उभी राहिली. अनवाणी. सगळं आटोपल्यावर पाया पडून न जेवता परत गेली. उखर्डूभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, मी ओट्यावरून हललो नसतो तर?" हा माणूस हे स्वतःला आयुष्यभर विचारत राहणार. मी त्यांना सांगितलं, तुम्हाला हाकललं होतं. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

वैजू झोपेत दचकते. मी मिलमध्ये जाते, डाळ निवडते, परत येते. काही दिवस तर मी चुलीसमोर बसून काडी पेटवायचीच विसरले. शेजारीण येऊन पोरीला जेवायला घेऊन गेली. वाटतं की उठू नये. मग रविवार येतो. बैठकीतल्या बाया मला न्यायला खोलीवर येतात, मी येत नाही म्हटलं तरी दारात बसून राहतात. मागच्या रविवारी मी तिथे पहिल्यांदा बोलले. काय बोलले ते आठवत नाही. नुसती ओरडत होते म्हणे. कुणी मला गप्प केलं नाही.

माझ्या मनात तुमच्याबद्दल राग आहे. पण तुम्ही एकट्या दाराशी बसलेल्या दिसता तेव्हा तो राग धरवतही नाही.

प्रमिला


जळगाव
१४ नोव्हेंबर १९९२

जीवरामभाऊजींना,

हे पत्र तुम्हाला आहे. आई इथेच, माझ्या खोलीत आहेत. तुम्ही त्यांना शोधत असाल.

काल दुपारी मिलच्या वॉचमनने सांगितलं, गेटवर एक म्हातारी बसलीय, तुझं नाव घेते. मी बाहेर गेले तर आई. चोपड्याहून एकट्या आल्या. जन्मात कधी एकट्या गाडीत बसल्या नव्हत्या. कंडक्टरला म्हणाल्या, जठे डाळ निवडतस तठे उतार. त्याने स्टँडवर उतरवून रिक्षात बसवून दिलं. पायात चप्पल नव्हती. घरी राहिली, म्हणाल्या.

मी त्यांना खोलीवर आणलं, पाणी दिलं. पाणी प्यायल्या नाहीत. वैजूच्या केसांवरून हात फिरवत बसल्या. मी म्हटलं, आई, काय झालं? मग म्हणाल्या,

"प्रमिला, जीवरामले तठे जागा शे का?"

मला आधी कळलंच नाही. तठे म्हणजे कुठे? मग कळलं.

त्यांनी सगळं सांगितलं. हे गेल्यापासून तुम्ही बागेतल्या खोलीवरच पडून असता. घडांची कापणी चुकली, माणसं घड तोडून घेऊन गेली, तुम्हाला पत्ता नव्हता. पोळ्याला तुम्ही विहिरीच्या काठावर झोपलेले सापडलात. "सकायले त्याना हात थरथरतस," म्हणाल्या. "मी काय करू, तू सांग."

भाऊजी, खरं लिहिते. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. माझ्या तोंडात एकच उत्तर होतं, नाही. तुमच्या हातातला तो ग्लास मला रोज दिसतो. माझ्या नवऱ्यासाठी मी तुमच्या सगळ्यांच्या पाया पडले होते, आणि आज त्याच माणसासाठी माझ्या दाराशी यायचं? मी तसं म्हणणारही होते. वळले तर आई भिंतीला टेकून तशाच बसल्या होत्या, रिकाम्या झोळीसारख्या. त्यांनी मला सिव्हिलमध्ये जे ऐकवलं होतं ते त्यांना आठवत होतं. ते आठवत असूनही त्या आल्या होत्या.

संध्याकाळी मी त्यांना पिंप्राळ्याला घेऊन गेले. दारात उखर्डूभाऊ होते. आईंनी त्यांना ओळखलं आणि जागीच थबकल्या. उखर्डूभाऊंनी वाकून नमस्कार केला, म्हणाले, "माय, आत ये." त्यांनी चहा केला. आईंनी तो प्यायला, घरून निघाल्यापासून पोटात गेलेलं पहिलं काहीतरी.

रतिलालभाऊंना मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. हाच तो भाऊ, हेही सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "इथे आलेल्या प्रत्येकाने कुणाचं तरी काहीतरी केलेलं आहे, बेन. आधी सिव्हिल. अंगातली उतरल्याशिवाय इथे घेता येत नाही, जीवाला धोका असतो. मग इथे."

मी म्हटलं, जागा आहे का? सगळ्या खाटा भरलेल्या होत्या.

ते म्हणाले, सतरंजी टाकू.

तर असं आहे. उखर्डूभाऊ सोमवारी पहिल्या गाडीने गावी येतील. या वेळी त्यांना पाणी विचारा. ते तुम्हाला घेऊन सरळ धुळ्याला जातील, तिथे डॉक्टरांशी बोलणं झालेलं आहे. येताना वाटेत एकदम सोडायला जाऊ नका, झटका येतो, मी बघितलाय. प्यालेले असाल तर प्यालेले या. लाज वाटून कुठल्या कोपऱ्यावरून मागे फिरू नका. घर तुम्हाला येऊन घेऊन जाईल, पण पायरी तुम्हालाच चढावी लागेल.

तुमच्या मनात येईल की वहिनीने मला माफ केलं. मी केलेलं नाही. कधी करेन, करेन की नाही, मला ठाऊक नाही. त्या घरात जागा माफीवर मिळत नाही, मागितल्यावर मिळते. तुमच्यासाठी तुमच्या आईने मागितली आहे. पुढचं तुम्हाला स्वतः मागावं लागेल.

आई तुम्ही सुटून येईपर्यंत माझ्याकडेच राहतील. त्यांना रविवारी मी बायकांच्या बैठकीला नेणार आहे.

त्या आत्ता समोर बसून माझं लिहिणं बघतायत. विचारतात, काय लिहिलंस? मी सगळं वाचून दाखवलं. माफीचं लिहिलंय तेही वाचलं. मग म्हणाल्या, त्याले लिख, मी खपी गई तरी चाली, पण तू ये.

सोमवारी तयार राहा.

प्रमिला